अनिषेकफलन हा शब्द कोणी उघडायचा?

केळं उभं चिरून पाहा. मधोमध बारीक तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतील. जिभेला जाणवतही नाहीत इतके बारीक. ही बीजांडं आहेत, बी व्हायची राहून गेलेली. केळफुलातल्या मादी फुलावर पराग पडला नाही, पडण्याची गरजही नव्हती, आणि तरी फळ भरलं, पिकलं, रावेरहून ट्रकमध्ये चढून दिल्लीला गेलं. नर-मादी बीजांचा संयोग न होता फळ धरण्याच्या या प्रकाराला वनस्पतिशास्त्रात पार्थेनोकार्पी म्हणतात. आपल्या परिभाषेत त्यासाठी शब्द आहे : अनिषेकफलन.

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात घराघराचं पोट ज्या गोष्टीवर चालतं, तिचं हे नाव. आणि त्या पट्ट्यातल्या कुठल्याही पारावर जाऊन हा शब्द उच्चारला तर लोक तोंडाकडे बघत राहतील. बारावी सायन्सच्या मुलाला विचारलं तर तो पार्थेनोकार्पीची इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हणेल. उदाहरण काय, तर 'बनाना'. बापाच्या बागेतली केळी आणि पुस्तकातलं 'बनाना' एकच, हे त्याला माहीत असतं. पण त्या दोघांचा जोड त्याच्या डोक्यात कोणी लावून दिलेला नसतो.

यावर नेहमीचं भांडण ठरलेलं आहे. एक बाजू म्हणते, बघा, शासकीय मराठी ही अशी, संस्कृतचे धोंडे. त्यापेक्षा इंग्रजी बरं, जगभर चालतं. दुसरी बाजू म्हणते, बोलीतले शब्द घ्या, शेतकरी जे बोलतो ते लिहा. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. शब्द संस्कृत आहे म्हणून तो अडत नाही. तो बंद पाकिटात दिला जातो म्हणून अडतो, आणि एके ठिकाणी तो आपल्याच शाळेच्या पुस्तकाशी भांडतो म्हणून अडतो.

आधी तो 'जगभर चालणारा' शब्द बघू. पार्थेनोस म्हणजे ग्रीकमध्ये कुमारी. अथेन्सच्या टेकडीवरचं पार्थेनॉन हे कुमारी अथेना देवीचं मंदिर. कार्पोस म्हणजे फळ. भाषाशास्त्रज्ञ या कार्पोसचं नातं संस्कृतमधल्या 'कृपाण'शी लावतात, तोडणे-कापणे या अर्थाच्या एका जुन्या धातूवरून. फळ म्हणजे जे तोडून घ्यायचं ते. विळ्यानं घड उतरवणाऱ्या मजुराला ही व्युत्पत्ती सांगितली तर तो हसेल, पण नाकारणार नाही.

मात्र हा शब्द कुठल्या प्राचीन ग्रीक माणसानं कधी उच्चारला नव्हता. तो १९०२ साली फ्रिट्झ नोल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं जुळवला, आणि तोही केळीवरून नव्हे, काकडीवरून. परागीभवन झालं नाही तरी काकडीला फळ धरतं, हे त्याला दिसलं होतं. प्राण्यांच्या बाबतीत पार्थेनोजेनेसिस हा शब्द रिचर्ड ओवेननं १८४९ मध्येच रूढ केला होता, त्याचा साचा नोलच्या समोर होता. म्हणजे बॉनमध्ये बसून एका जर्मनानं मेलेल्या भाषेतले दोन तुकडे जोडले. आपल्या परिभाषा समितीनं संस्कृतमधून तेच केलं. एकाला विज्ञान म्हणायचं आणि दुसऱ्याला बोजडपणा, हा न्याय कुठला? जर्मन शाळकरी पोराला पार्थेनोकार्पी जन्मतः कळत नाही. त्याला शिकवतात तेव्हा कळतं.

उलट, अर्थाच्या दृष्टीनं आपल्या शब्दाचं पहिलं पाऊल जास्त सरळ पडलं आहे. ग्रीक शब्द कुमारिकेची प्रतिमा आणतो. झाडांच्या बाबतीत लग्न-कौमार्याची भाषा युरोपात लिनियसपासून चालत आलेली आहे. त्यानं फुलांचं वर्गीकरणच पुंकेसर म्हणजे नवरे आणि स्त्रीकेसर म्हणजे बायका अशा हिशेबानं केलं, आणि त्या काळी त्यावर बोटंही मोडली गेली. 'अनिषेक' या शब्दात असलं काही नाही. निषेक झाला नाही, बस.

आता हा निषेक म्हणजे काय? 'नि' आणि 'सिच्'. सिच् म्हणजे शिंपडणे, ओतणे. याच धातूचा अभिषेक, जो श्रावणी सोमवारी महादेवाला होतो. याच धातूचं सिंचन. ठिबक सिंचनातलं सिंचन! मनुस्मृतीत 'निषेकादि' म्हणून संस्कारांची सुरुवात सांगितली आहे, तिथे निषेक म्हणजे गर्भाधान. बीज शिंपणं, रुजवणं. जळगाव जिल्ह्यातला शेतकरी दिवसातून दहा वेळा सिंचन म्हणतो. लॅटरल, ड्रिपर, व्हेंचुरी यांच्यामध्ये तो शब्द त्याच्या तोंडात गुळगुळीत झालेला आहे. त्याला जर कोणी सांगितलं असतं की भाऊ, सिंचनातलाच तो 'सिच्', अभिषेकातलाच तो 'षेक', बीजाचं शिंपण झालं नाही तो अनिषेक, तर शब्द एका मिनिटात उघडला असता. सांगितलं कोणी नाही. शिक्षकालाही कोणी सांगितलं नव्हतं. कोशात शब्द आहे, समोर इंग्रजी प्रतिशब्द आहे, मध्ये एक रेघ आहे. ती रेघ ओलांडायची कशी, याचा एक शब्दही नाही.

संस्कृत शब्द लोकांना पेलत नाहीत, हे म्हणणाऱ्यानं खानदेशातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर अर्धा तास उभं राहावं. "विद्राव्य कोणतं देऊ?" असा प्रश्न कानावर येईल. विद्राव्य! इतका कडक तत्सम शब्द पुण्याच्या सभांतही सहज निघत नाही. पण शून्य-बावन्न-चौतीस या खताची पिशवी पाण्यात टाकली की विरघळते, ठिबकमधून जाते, नळ्या तुंबत नाहीत, हे डोळ्यांनी पाहिलं आणि शब्द रुतला. सूक्ष्म अन्नद्रव्य, संजीवक, संकरित वाण, सगळे असेच. द्राक्षवाला संजीवक म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा जिबरेलिक आम्लच अभिप्रेत असतं. त्याच काउंटरवर आच्छादनाला मात्र कोणी आच्छादन म्हणत नाही. तो मल्चिंग पेपर आहे आणि मल्चिंग पेपरच राहील. बोलणाऱ्याला शब्दाची जात दिसत नाही. शब्दाबरोबर वस्तू हातात आली की नाही, एवढंच तो बघतो.

करप्याचंच घ्या. केळीच्या पानावर पिवळ्या रेषा, मग तपकिरी डाग, मग पान करपून लोंबतं. बोलीत करपा. पण शिफारशीच्या पत्रकात सिगाटोका येतो आणि आता बांधावरही येतो. सिगाटोका हे फिजी बेटांवरच्या एका नदीखोऱ्याचं नाव, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या साथीवरून रोगाला मिळालेलं. पॅसिफिकमधल्या नदीचं नाव तापीकाठच्या माणसाच्या तोंडात बसलं, आणि कोणाची मराठी अस्मिता दुखावली नाही. दुखावू नये.

तर मग आपलं 'अनिषेकफलन' कुठे बिघडलं? दुसऱ्या अर्ध्या भागात. 'फलन' इथे फळ धरणे या अर्थी आहे. पण आपल्या मराठी माध्यमाच्या शालेय विज्ञानात फलन म्हणजे फर्टिलायझेशन. परागकणातून नळी निघाली, तिच्यातून नर युग्मक अंडपेशीला मिळालं, 'फलन झालं', 'फलित अंड' तयार झालं. हे मूल शाळेत शिकतं. तेच मूल पुढे अनिषेकफलन वाचतं. त्याच्या हिशेबानं या शब्दाचा अर्थ काय होतो? निषेक म्हणजे फर्टिलायझेशन, फलन म्हणजेही फर्टिलायझेशन. फर्टिलायझेशनशिवाय फर्टिलायझेशन! पोरगं गोंधळलं तर चूक पोराची नाही. एका समितीनं निषेक धरला, दुसरीनं फलन धरलं, आणि दोन्ही कागद एकाच पोराच्या दप्तरात येऊन आदळले. बोजडपणाच्या तक्रारी शेकड्यानं होतात. ही विसंगती मात्र कोणी बोलून दाखवत नाही, कारण ती पाहायला दोन्ही शब्द समजावे लागतात.

आणि यावर उपाय शेतात तयार पडलेला आहे : फळधारणा. डाळिंबवाला, लिंबूवाला, पपईवाला, सगळे हाच शब्द वापरतात. कृषी विद्यापीठाच्या पत्रकात आहे, वर्तमानपत्राच्या शेतीच्या पानावर आहे. फुलगळ झाली, फळधारणा कमी झाली. 'अनिषेक फळधारणा' असा शब्द केला तर पहिला भाग एकदा उघडून सांगावा लागेल, दुसरा आपोआप कळेल. फलन हा शब्द शाळेच्या पुस्तकातल्या अर्थासाठी मोकळा राहील. मी काही परिभाषाकार नाही. कोणाला याहून चांगला सुचला तर तो घ्यावा. पण सध्याचा आहे तसा ठेवू नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? 'बिनबियांचं फळ' म्हणा की सरळ. बोलीभाषेच्या बाजूनं हा सर्वात जोरदार मुद्दा आहे, आणि इथेच तो लंगडा पडतो. बिनबियांची द्राक्षं घ्या. आपल्याकडची थॉमसन सीडलेस आणि तिच्या कुळातली वाणं. त्यांच्यात परागीभवन होतं, निषेकही होतो, पण गर्भ लवकरच जिरून जातो आणि बी नुसतं खुणेपुरतं उरतं. याला वेगळा शब्द आहे, स्टेनोस्पर्मोकार्पी, याहून भयंकर. बिनबियांचं कलिंगड तिसऱ्याच तऱ्हेचं. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात म्हणून बी धरत नाही, पण फळ धरायला परागाचा स्पर्श लागतोच, त्यासाठी शेतात बियांच्या कलिंगडाचे वेल अधूनमधून लावावे लागतात. केळीला यातलं काहीच लागत नाही. मधमाशी नको, वारा नको, शेजारी नर झाड नको. खाणाऱ्याच्या लेखी तिन्ही बिनबियांचीच. लावणाऱ्याच्या लेखी तिघांचा हिशेब वेगळा. कलिंगडाच्या प्लॉटमध्ये फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारलं, मधमाश्या मेल्या, तर पीक गेलं. केळीत मधमाशीवाचून घडाचं काही अडत नाही. हा फरक ज्या शब्दात मावत नाही, तो शब्द कितीही गोड असो, शास्त्राच्या कामाचा नाही.

बोलीत या गोष्टीला नाव का नाही, याचंही कारण सरळ आहे. "केयीले बी राह्यते का कधी?" असं कोणी विचारलं तर तो प्रश्न नसतो, तुम्हाला अक्कल नाही एवढंच त्याचं म्हणणं असतं. सगळीच केळी बिनबियांची असतील तर बिनबियांची केळी असं वेगळं कोण म्हणणार? भाषा फरकाला नाव देते. सह्याद्रीच्या कड्यावर पावसाळ्यात जी रानकेळ, चवेणी उगवते, तिची फळं काळ्या टणक बियांनी ठासून भरलेली असतात. ती केळीची सख्खी नसून चुलत आहे, पण ती परसात असती तर बोलीनंही नाव दिलं असतं.

जिथे फरक दिसतो तिथे बोली काय करते, हे केळीच्याच बागेत बघा. घड झाडाच्या पोटातून वर सरकतो, शेवटचं आखूड पान येतं आणि मग जांभळं केळफूल मान वाकवून बाहेर पडतं. याला म्हणतात निसवणं. बाग निसवली. निसवण चांगली झाली. ज्वारीचं कणीस बाहेर पडतं तेही निसवणंच, आणि त्याआधी कणीस पानाच्या आवरणात फुगलेलं असतं ती पोटरी. केळफुलाचं एकेक जांभळं पान उलगडून गळतं आणि खाली फुलांची दुहेरी ओळ दिसते. पहिल्या ओळी मादी फुलांच्या, त्यांच्या फण्या होतात. पुढे नुसती नर फुलं, ती गळून जातात. हव्या तेवढ्या फण्या सुटल्या की केळफूल खुडून टाकतात, कारण उरलेलं नुसतं अन्न खातं. पुस्तकातल्या पुष्पक्रमाची, द्विलिंगाश्रयी झाडाची, सहपत्राची सगळी गोष्ट इथे एका घडावर उघडी टांगलेली आहे. जवळपास सगळ्या भागांना नावं आहेत. बुंध्याशी फुटणारं पिल्लू म्हणजे मुनवा. पहिलं पीक नवती, त्याच बुंध्याच्या पिलावर घेतलेलं पिलबाग. उसाचा दुसरा फुटवा खोडवा. हंगाम संपल्यावर पाणी देऊन कापूस पुढे चालू ठेवला तर फरदड. पिलबाग, खोडवा, फरदड या सगळ्यांना इंग्रजीत 'रटून' (ratoon) हा एकच शब्द, आणि तोही तिनं स्पॅनिशकडून उचललेला. इथे आपल्याकडे शब्द जास्त आहेत आणि जास्त नेमके आहेत. अशा जागी कोणी 'पुष्पक्रम-उद्गम' असं लिहिलं तर मला राग येतो. 'निसवण' पुस्तकात का नसावं? गावंढळ वाटतं म्हणून? कोणाला?

कृषी विद्यापीठांनी हे बऱ्यापैकी केलेलं आहे, हे इथे म्हटलंच पाहिजे. गव्हाला पाणी कधी द्यायचं याची शिफारस वाचा : मुकुटमुळे फुटताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात, दाणा चिकात असताना. मुकुटमुळे हे समितीचं, कांडी धरणं आणि चीक शेतातलं. एकाच वाक्यात दोन्ही बसले आणि कोणाला खटकलं नाही. हे जमलं, कारण पत्रक लिहिणाऱ्याला ते ज्याच्यासाठी लिहायचं तो माणूस माहीत होता. शाळेचं विज्ञान लिहिणाऱ्याला वाचणारं पोर चोपड्याचं आहे की कोल्हापूरचं, याच्याशी देणंघेणं नसतं. आणि आता तर बऱ्याच मराठी शाळांत विज्ञान-गणित सेमी-इंग्रजीत गेलं, अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतच. म्हणजे अनिषेकफलन चांगला की वाईट हा वाद ज्यांच्यासाठी घालायचा, ती पोरं वर्गातून केव्हाच निघून गेली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. खानदेशात बारावीचा जीवशास्त्राचा तास त्या दिवशी इंग्रजीत झाला आणि दुसऱ्या दिवशीही.

बोलीच्या बाजूनं बोलताना एक अडचण मात्र झाकता येत नाही. सातपुड्यात यावलच्या बाजूला अंजन म्हटलं की एक उंच, काटक झाड. दोन दोन पर्णिका देठाशी जोडलेल्या, गुरांना त्याचा पाला चालतो, लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. शास्त्रीय नाव हार्डविकिया बिनाटा. बिनाटा म्हणजे जोडीचं, त्या पर्णिकांच्या जोडीवरून. हार्डविक हा कोणी इंग्रज लष्करी अधिकारी. आता महाबळेश्वरला जा. तिथे अंजन, अंजनी म्हणजे निळ्या-जांभळ्या फुलांनी फांद्या लगडणारं लहान सदाहरित झाड, मेमेसायलॉन. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. यावलचा माणूस आणि महाबळेश्वरचा माणूस अंजनावर गप्पा मारत बसले तर दोघेही खरं बोलतील आणि दोघांचंही एकमेकांना कळणार नाही. म्हणून लॅटिन नाव लागतं. गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांमध्ये, ज्या २००२ च्या कायद्यानं प्रत्येक स्थानिक समितीनं करायच्या आहेत, स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव दोन्हींचे रकाने हवेत ते याचसाठी. यात पावरी, भिली, अहिराणी नाव कापून त्या जागी पुस्तकी मराठी नाव बसवलं, तर नोंदवही कोरी असण्याहून वाईट. कारण मग ते झाड दाखवणारी म्हातारी आणि नोंद वाचणारा अधिकारी यांच्यात पूलच उरत नाही.

लोकांच्या हाती सोपवलं तर ते शब्द किती चटकन करतात, याचं उदाहरण प्रत्येक बांधावर उभं आहे. पार्थेनियम हिस्टेरोफोरस. नावात पुन्हा तेच पार्थेन, पार्थेनिऑन नावाच्या एका जुन्या ग्रीक औषधीवरून लिनियसनं उचललेलं. हे अमेरिका खंडातलं तण १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि बघता बघता देशभर पसरलं. समिती बसली नाही. पान गाजराच्या पानासारखं दिसलं, झालं गाजरगवत. कुणी काँग्रेस गवत म्हटलं. गाजरगवत हा शब्द इतका अचूक आहे की वर्णन वेगळं करावं लागत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूला नाव देण्यात लोकांचा हात कोणी धरू शकत नाही. पण निषेक डोळ्यांना दिसत नाही. बीजांडाच्या आत, सूक्ष्मदर्शकाखाली काय घडलं किंवा घडलं नाही, त्याला पारावर नाव पडणार नाही. तिथे कोणीतरी बसून शब्द करावाच लागतो. म्हणून मला 'सगळं बोलीत' हा आग्रहही मान्य नाही. बोलीनं जिथे नाव दिलं आहे तिथे तेच घ्यावं. जिथे बोलीला दिसतच नाही तिथे शब्द घडवावा, आणि घडवणाऱ्यानं तो उघडूनही दाखवावा.

हे सगळं भाषाप्रेमींच्या हौसेपुरतं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. केळीच्या बाबतीत या एका शब्दाला बाजारभाव आहे.

खाण्याची बहुतेक केळी दोन रानटी जातींतून आली, मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. (मुसा हे नाव अरबी 'मौझ'वरून आलं असं मानतात, आणि त्या मौझचं नातं संस्कृत 'मोचा'शी लावतात. मोचा म्हणजे केळ. म्हणजे २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या तांदलवाडीची जीआय (भौगोलिक) मानांकनाची केळी कंटेनरमधून दुबईला गेली, तेव्हा शब्द आपल्याच जुन्या वाटेनं गेला म्हणायचा.) हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी रानात अशी केळी शोधली की जिला पराग न पडताही गर भरत होता. ती उचलली, तिचा मुनवा लावला. पुढे अशा काही केळींत गुणसूत्रांचे तीन संच आले, ग्रँड नैनमध्ये ते अकराचे तीन, एकूण तेहतीस. असं झाड पराग-बीजाच्या वाटेनं जवळपास वांझच. म्हणजे एकीकडे फळ बीजाशिवाय धरतं, दुसरीकडे बीज धरूच शकत नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत, पण दोन्ही जुळल्या म्हणून आपल्या ताटात केळं आहे.

याची किंमत काय? बी नाही म्हणजे आई-बापाच्या गुणांची सरमिसळ नाही. मुनव्यातून मुनवा, किंवा प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरची रोपं, सगळी एकाच झाडाची आवृत्ती. रावेरच्या एका शेतातलं जी-नाइनचं, म्हणजे ग्रँड नैनचं, झाड आणि बऱ्हाणपूरच्या शेतातलं जी-नाइनचं झाड यांच्यात वंशाच्या दृष्टीनं जवळपास काहीच फरक नाही. म्हणून घड एकसारखे, पक्वता एकसारखी, निर्यातीला सोयीचं. आणि म्हणूनच एक रोग एका झाडाला मारू शकला तर तो सगळ्यांना मारू शकतो. हे एकदा झालेलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या निर्यातीत ग्रो मिशेल नावाची केळी होती. जमिनीतल्या बुरशीचा पनामा मर रोग आला आणि मध्य अमेरिकेतल्या बागाच्या बागा उठल्या. मग तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, जिच्या कुळात आपली बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन येतात. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा वंश कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि गेल्या दशकात तो बिहारमध्ये आढळला. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते. मुनव्याबरोबर, मातीबरोबर, ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर जाते.

शेतकऱ्याला 'बाहेरून मुनवे आणू नका, औजारं धुऊन घ्या' असं सांगितलं तर तो ऐकेलही, न ऐकेलही. पावसाळ्यात अशा सूचनांचा पाऊसच असतो. पण एका रोपावरून सगळ्या बागेचं भवितव्य ठरतं ते का, हे ज्याला मुळापासून कळलं आहे, त्याला सूचना पाठ करावी लागत नाही. ज्वारीत वेगवेगळी ताटं वेगवेगळ्या ताकदीची असतात, दोन मेली तरी चार उभी राहतात. केळीत तसं का होत नाही, याचं उत्तर त्या अनिषेकात आणि तीन संचांत आहे. हे उत्तर बारावीच्या पोराला इंग्रजीत माहीत आहे आणि त्याच्या बापाला कुठल्याच भाषेत नाही. जेवणाच्या ताटावर दोघं समोरासमोर बसतात.

म्हणून माझी मागणी भाषादिनाच्या भाषणातली नाही. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत. त्यांनी केळी आणि कापूस या दोन पिकांपुरता शब्दसंग्रह करावा. त्यात निसवण, मुनवा, पिलबाग, कापसाचं पाते (कळी), कैरी (हिरवं बोंड), फरदड यांना पुष्पक्रम आणि अंडाशयाच्या बरोबरीची जागा द्यावी, कंसात ठेवू नये. जो शब्द घडवलेला आहे त्याच्यापुढे त्याची फोड एका ओळीत द्यावी : सिंचनातला सिच्, अभिषेकातला षेक. फलन आणि निषेक यांतला एकच शब्द फर्टिलायझेशनसाठी ठेवावा, दोन्ही नकोत, आणि हे परिभाषेचं काम बघणाऱ्यांनी व पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी एका टेबलाशी बसून ठरवावं. अकरावी-बारावीच्या पुस्तकात इंग्रजी ठेवायचं तर ठेवा, पण पानाच्या कडेला मराठी शब्द आणि त्याची फोड छापायला किती शाई लागते?

टीआर-४ या बाजूला आला, आणि येऊ नये, तर शासनाचं पत्रक निघेलच. ते आधीच लिहून ठेवता येईल. पहिल्याच ओळीत एवढं असावं : तुमच्या बागेतली सगळी झाडं एकाच झाडाची पिलं आहेत, कारण केळीला बी नाही, आणि बी का नाही ते पुढे वाचा.